तिथी पाहून चालायची वाट

या वाटेला लागायचं तर घड्याळाच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं लागतं, आणि त्यातही तारीख नव्हे, तिथी. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याने, ससून डॉकपासून शिवडीच्या जेटीपर्यंत, साधारण तेरा-चौदा किलोमीटरची ही चाल. पाणी कुठल्या तासाला कुठवर असेल हे ठाऊक नसताना निघालं तर पाय तेवढेच दुखतात आणि बंदर मात्र दिसायचं राहून जातं.

कोकणातल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे पाणी पूर्ण भरलेलं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. पुढचा पंधरवडा सुरू झाला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, त्या पन्नास मिनिटांचा हा पाऊण तास. त्यामुळे उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराला, चूक आणखी वाढते. निघायच्या आदल्या रात्री छापील किंवा फोनवरच्या तक्त्यात ‘अपोलो बंदर’ या नावापुढची वेळ ताडून घ्यावी. तिथल्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, जगातल्या जुन्या नोंदींपैकी एक.

आता या चालीला कुठली तिथी सोयीची? उलटीकडून मोजायचं. पहाटे साडेपाचला ससून डॉक, सातच्या सुमाराला गेटवे, सव्वाआठला बॅलार्ड इस्टेट, पावणेदहाला भाऊचा धक्का आणि साडेबाराच्या आसपास शिवडी. शिवडीला रोहित पक्षी जवळून दिसायचे तर पाणी अर्धवट हवं. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात, पूर्ण ओहोटीत ते पाण्याच्या कडेबरोबर इतके आत सरकतात की गुलाबी रेघेपलीकडे काही उरत नाही. म्हणजे भरती साडेबाराच्या अडीच-तीन तास आधी होऊन गेलेली असावी, नाहीतर तेवढीच पुढे असावी. पाऊणपट करून पाहिलं तर दोन तिथी हाती लागतात. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्थीला तीन. एक प्रदोषाचा दिवस, एक संकष्टीचा. ज्या घरात उपास धरले जातात त्या घराला भरतीचं वेळापत्रक तोंडपाठच असतं, फक्त ते समुद्राचंही आहे याकडे लक्ष गेलेलं नसतं. शुक्ल पक्षातली त्रयोदशी आणि विनायकी चतुर्थीही तितकीच चालेल, पाण्याला पक्षाचा फरक पडत नाही. महिने मात्र डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मार्चनंतर भर दुपारी शिवडीच्या चिखलावर उभं राहणं अंगावर येतं. तिथी आणि रविवार जुळला तर फारच उत्तम, कारण मधल्या पट्ट्यातले कंटेनरचे ट्रेलर त्या दिवशी कमी असतात.

ससून डॉक १८७५ चं. ससून घराण्याने बांधलेली, पश्चिम हिंदुस्थानातली पहिली ओली गोदी, म्हणजे जहाज पाण्यावर तरंगतं ठेवून माल चढवायची-उतरवायची गोदी. आज ते नाव काढलं की मासळीच डोळ्यांसमोर येते, पण बांधली गेली ती मालाच्या जहाजांसाठी, कापसाच्या व्यापाराच्या भरात. पहाटे साडेपाचला इथे पूर्ण अंधार असतो आणि गोदीत दिवस अर्धा सरलेला असतो. बोटींच्या पोटातून बर्फासकट टोपल्या वर येतात, ढीग लागतात, ढिगाभोवती लिलाव. पापलेट, सुरमई, घोळ, रावस हे महागडे जीव लवकर हलतात. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी यांचे ढीग उजाडेपर्यंत पडून असतात. एका बाजूला बायका रांगेने बसून कोळंबी सोलत असतात. बर्फाच्या पाण्यात बोटं तासन्‌तास बुडालेली. त्या हातांचा वेग पाहण्यासारखा आहे, पण तो रोजच्या पोटाचा वेग आहे, तेव्हा समोर उभं राहून टक लावून बघू नये.

इथे चालण्याचे नियम साधे आहेत. हातगाडी आणि डोक्यावरची टोपली यांना वाट आधी. ओझं घेतलेला माणूस थांबू शकत नाही, थांबला तर पुन्हा वेग घ्यायला त्याला दुप्पट जोर लागतो. जमिनीवर बर्फाचं पाणी, खवले आणि तेलकट थर असतो. कापडी बूट घातले तर पहिल्या दहा मिनिटांत भिजतात, आणि पुढचे बारा किलोमीटर भिजलेल्या मोज्यात चालून टाचेला फोड येतो. खाचा असलेल्या रबरी तळाच्या सँडल घालाव्या, बूट पिशवीत ठेवावे, बाहेर आल्यावर पाय पुसून बदलावे. फोटोला गोदीत मज्जाव असतो, कॅमेरा बाहेर काढण्याआधी दारावर विचारावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ही सकाळ इथे भेटत नाही. बोटी ओढून ठेवलेल्या असतात, जाळी उसवून पुन्हा विणली जात असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की गोदी पुन्हा गजबजते.

ज्या रस्त्यावर गोदीचं फाटक उघडतं तो शहीद भगतसिंग मार्ग, जुना कुलाबा कॉजवे. १८३८ मध्ये हा बांध पुरा होईपर्यंत कुलाबा वेगळं बेट होतं आणि भरतीच्या वेळी पलीकडच्यांना होडी लागायची. या रस्त्याने उत्तरेला यायचं आणि बाजाराच्या पुढे उजवीकडे वळून पी. जे. रामचंदानी मार्ग गाठायचा. इथून गेटवेपर्यंतचा तुकडा म्हणजे या वाटेवरचा पाण्याला अगदी लागून जाणारा एकमेव खरा फरसबंद रस्ता. एक किलोमीटरसुद्धा नाही. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आतबाहेर उगवतो आणि तो उगवतो बंदरावर, नांगरलेल्या जहाजांच्या मागून. मरीन ड्राइव्हच्या मावळतीसाठी शहर गर्दी करतं. ही उगवती मात्र मॉर्निंग वॉकवाले आणि लाँचवरचे खलाशी एवढ्यांच्याच वाट्याला येते.

गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९११ ची, उद्‌घाटन ४ डिसेंबर १९२४ चं, वास्तुकार जॉर्ज विटेट. बांधकाम पिवळ्या बेसॉल्टचं आणि काँक्रीटचं, उंची सुमारे २६ मीटर. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून गेली. हे सगळं पाटीवर आणि गाइडच्या तोंडी मिळतं. पाहावं ते कमानीच्या मागच्या पायऱ्यांकडे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. पाण्याची पातळी साडेचार मीटरवरून अर्ध्या मीटरवर उतरते, म्हणजे जवळजवळ दीड मजला. भांगाला हाच फरक जेमतेम दीड-दोन मीटर. चतुर्थीच्या सकाळी सातला पाणी उतरत असतं, खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर हिरवंकाळं शेवाळ आणि कडेला शिंपल्यांची खरखरीत किनार. ती किनार जिथे संपते तिथवर रोजचं पाणी चढतं. त्रयोदशीला त्याच तासाला पाणी चढतं असतं आणि त्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. शेवाळाच्या पायरीवर उतरू नये. ओल्या शेवाळावर कुठलाच तळ धरत नाही, आणि घसरलेला हात त्या शिंपल्यांवरच पडतो.

या जागेचं मराठी नाव पालवा बंदर. अपोलोचा आणि ग्रीक देवाचा संबंध नाही, ते साहेबाच्या जिभेवर वळलेलं रूप आहे. पालवा कशावरून, यावर जाणकारांत एकमत नाही. उच्चार मात्र पालवाच ठेवावा, फार गोड शब्द आहे.

इथून घारापुरीला आणि मांडव्याला लाँच सुटतात. चालीत लाँच बसत नाही, पण कधी बसलात तर जाकीट घालून बसावं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि दहाहून अधिक माणसं गेली. बंदरातलं पाणी शांत दिसतं, पण ते जहाजांनी गजबजलेलं पाणी आहे.

गेटवेच्या उत्तरेला किनारा संपतो. म्हणजे किनारा असतो, आपल्यासाठी संपतो. पुढे नौदलाची गोदी आहे आणि तिची भिंत शहीद भगतसिंग मार्गाच्या कडेने लायन गेटवरून पुढे जात राहते. या चालीबद्दल लोकांची तक्रार ठरलेली असते, की समुद्र दिसतच नाही. तक्रार खरी आहे. लायन गेटपासून वाडीबंदरापर्यंत चारेक किलोमीटर पाण्याचा थेंब नजरेला पडत नाही. तरीही हाच पट्टा या वाटेचा गाभा आहे. किनारा कुठे कुठे होता आणि कसा कसा पुढे ढकलला गेला, ते इथे पायाखाली वाचता येतं. त्यासाठी पाण्याऐवजी भिंतींकडे, उतारांकडे आणि पाट्यांवरच्या नावांकडे बघायची सवय लावून घ्यावी लागते.

लायन गेटच्या आतली कोरडी गोदी, पाणी काढून टाकून जहाजाचं काम करायची, १७५० ची. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने इथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली, मलबारच्या सागवानाची. ओक लाकूड समुद्रात कुजतं, सागात तेल असतं म्हणून तो टिकतो. १८१७ मध्ये इथे बांधलेली ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे. १८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंडमधल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. भिंतीवर यातलं काही लिहिलेलं नाही. भिंत आहे आणि फोटो काढू नये अशी पाटी आहे, ती पाळावी.

पुढे एशियाटिकचा टाउन हॉल, १८३३ चा. भव्य पायऱ्यांखाली उभं राहून पूर्वेकडे तोंड करावं. इमारतीच्या मागे टांकसाळ, त्यापलीकडे बॅलार्ड इस्टेट, आणि हा सगळा पूर्वेचा भाग भरावाचा. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि पाणी मागे लोटण्याचं काम एका हाती आलं. कर्नल बॅलार्ड हे त्याच्या उभारणीतलं नाव. अलेक्झांड्रा डॉक, आताची इंदिरा गोदी, खोदताना जो दगडमाती निघाला तो टाकून सुमारे २२ एकर जमीन झाली. तिच्यावर विटेटच्याच देखरेखीखाली एका उंचीच्या, एका ठेवणीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. गोदीच्या खड्ड्यातून निघालेल्या मालावर गोदीचीच कचेऱ्यांची पेठ बसली. सव्वाआठला इथले रस्ते सावलीचे आणि रिकामे असतात. बसायचं, चहा प्यायचा, बूट नीट बांधायचे ते इथेच, पुढे दोन तास धड बसायला जागा नाही.

गोद्यांना दारं का लागतात हे गेटवेच्या पायऱ्या पाहून आलेल्याला सांगावं लागत नाही. धक्क्याला बांधलेलं जहाज दिवसातून दोनदा दीड मजला वर आणि दीड मजला खाली गेलं तर माल चढवायचा-उतरवायचा कसा? म्हणून पाणी कोंडून ठेवायचं. १८८० ची प्रिन्सेस डॉक, १८८८ ची व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ची अलेक्झांड्रा, तिन्ही अशा बंदिस्त गोद्या. अलेक्झांड्राचं प्रवेशद्वार ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद. भरतीच्या सुमाराला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, बाहेर ओहोटी होवो, आत पातळी तीच. पुढे जहाजं या दारांपेक्षा मोठी झाली, कंटेनर आले, १९८९ मध्ये पलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि जुन्या गोद्यांचं काम ओसरत गेलं.

आता पी. डिमेलो रोड. पूर्वीचा फ्रिअर रोड, आता गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा. या शहरात गव्हर्नराचं नाव जाऊन कामगार पुढाऱ्याचं यावं असं फार ठिकाणी घडलेलं नाही, आणि इथे ते शोभतंही. डावीकडे सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे. १७६९ च्या फोर्ट जॉर्जचा. उजवीकडे गोदीची दारं, रंगांच्या नावांची: ग्रीन गेट, ब्ल्यू गेट, ऑरेंज गेट, यलो गेट.

रस्ता चालायला अवघड आहे हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. फुटपाथ तुटक, उभ्या ट्रकांनी अडवलेला. धोका वेगाचा नाही, वळणाचा आहे. लांब ट्रेलर दारात वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात, आणि त्या बाजूला उभा असलेला माणूस ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. वळणाऱ्या ट्रेलरच्या आणि भिंतीच्या मध्ये कधीही उभं राहू नये. तो वळून पूर्ण आत जाईपर्यंत पाच पावलं मागे थांबावं. चालायला शक्यतो पश्चिमेचा, शहराकडचा फुटपाथ धरावा. ऑरेंज गेटच्या पुढे वर ईस्टर्न फ्रीवे सुरू होतो, त्याच्या खांबांखाली सावली मिळते पण धूळही तिथेच साठते. नाकाला बांधायला रुमाल हवा.

आणि नावं! बोरीबंदर, मस्जिद बंदर, कर्नाक बंदर, चिंचबंदर, वाडीबंदर. यातल्या कुठल्याच ठिकाणी आज पाय ओला होत नाही. चिंचबंदर तर रेल्वेच्याही पलीकडे, धान्याच्या आणि लोखंडाच्या गोदामांच्या दाटीत आहे. मस्जिद हे नाव ज्या ‘जुन्या मशिदी’वरून पडल्याचं सांगतात ती १७९६ ची शार हारहमीम, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांचं प्रार्थनास्थळ. एकेक नाव म्हणजे किनाऱ्याचा एकेक जुना मुक्काम. मांडवीसुद्धा तशीच, जकात घ्यायची जागा, आणि जकात जहाज लागतं तिथेच घेतली जाते. भराव टाकणाऱ्यांनी समुद्र हटवला, नावं मात्र हमालांच्या आणि गाडीवानांच्या तोंडी होती, ती हटली नाहीत. सरकारी नोंदीत उद्या ही नावं बदलली तर मुंबईचा किनारा कुठे होता हे सांगणारी सगळ्यात सोपी खूण जाईल. म्हणून ती आग्रहाने उच्चारत राहावीत असं मनापासून वाटतं.

व्हिक्टोरिया डॉकच्या भिंतीपाशी क्षणभर थांबायला हवं. १४ एप्रिल १९४४. कराचीहून आलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ पहिल्या नंबरच्या धक्क्याला लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, शिवाय कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटाही. कापूस धुमसायला लागला. आग विझवायला गेलेले बंब आणि माणसं जहाजाच्या अगदी जवळ असताना दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आठशेच्या वर माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो या ६६ जणांसाठी. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड आपण आत्ता जिथून चालतो त्या गोदामांवर आणि चाळींवर पडलं होतं. या गोदीच्या पाण्यावर पुढे बराचसा भराव पडला, कंटेनर ठेवायला.

भाऊच्या धक्क्याला पोहोचलं की पाणी पुन्हा भेटतं. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोकांचे भाऊ, यांनी १८४० च्या दशकात लोकांना बोटीत नीट चढता-उतरता यावं म्हणून धक्का बांधला. त्याआधी माणसाला खांद्यावर बसून चिखल तुडवत किनाऱ्याला यावं लागे. शहराने त्यांचं नाव धक्क्याला बिरुदांशिवाय, घरच्या हाकेने दिलं. इथेही मासळी उतरते, आणि ससून डॉकपेक्षा इथे मोकळेपणाने उभं राहता येतं.

इथून मोरा आणि रेवसला लाँच जातात, मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो २०२० पासून. आणि इथेच तिथीचा हिशेब परत समोर येतो. चतुर्थीला पावणेदहा म्हणजे ओहोटी नुकतीच खालच्या टोकाला जाऊन आलेली. उधाणाच्या ओहोटीत उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ इतका वर येतो की लाँच लागू शकत नाही, आणि सेवा दोन-अडीच तास थांबते. उरणचे नोकरदार हे वेळापत्रक महिनाभर आधी बघून ठेवतात. त्रयोदशीला त्याच वेळी धक्का काठोकाठ भरलेला आणि लाँचचा कठडा जवळजवळ पायाच्या रेषेत. एकच जागा, एकच तास, दोन तिथी. ज्याला भरती-ओहोटी पुस्तकातून कळली नाही त्याने या धक्क्यावर दोनदा यावं.

‘रामदास’ ही प्रवासी बोट इथूनच सुटली होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, सणाला गावी निघालेली माणसं. रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली, घाबरलेली गर्दी एका अंगाला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, शहराला बातमी कळली ती पोहून आलेल्यांकडून. कोकणातल्या किती घरांत हा दिवस अजून निघतो! बोट कलली तर कललेल्या बाजूकडून पळून दुसरीकडे झुंबड करू नये, जागच्या जागी खाली बसावं, हे त्या दिवसापासून रेवसकडच्या माणसाला सांगावं लागत नसेल.

धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्टेशनकडे आलं की माझगावच्या टेकडीवर चढायचं. वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाचं, खाली पाण्याचा जलाशय. पाच-सात मिनिटांचा चढ आहे, पण तो चुकवू नये. सकाळभर ज्या भिंतीच्या बाहेरून चाललो तिच्या आत काय आहे ते फक्त इथूनच दिसतं: क्रेन, गोदामं, माझगाव डॉकमधल्या अर्ध्या बांधलेल्या युद्धनौका, पलीकडे क्रॉस आयलंड. पाणी प्यावं, पाय मोकळे करावेत. कुणाला थांबायचं असेल तर ते इथे ठरवावं. हार्बर लाइन या वाटेला समांतर जाते, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, प्रत्येक एक-दोन किलोमीटरवर सुटकेचं दार आहे. याच मार्गावर कुर्ल्यापर्यंत ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली.

रे रोडच्या पूर्वेला दारूखाना. लाकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, हे बंदर. ‘हे’ म्हणजे गवत, घोड्यांचं. कशाची बोट लागायची ते नावातच. इथे जहाजं तोडली जातात. उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्याच्या चिखलात घुसवायचं, पाणी उतरलं की ते कोरडं पडतं, मग गॅसच्या ज्योतीने पत्रा कापत सुटायचं. पुढच्या भरतीला थोडं हलकं झालेलं धूड आणखी वर ओढायचं. भरतीचं बळ फुकट वापरणारा हा धंदा आहे आणि त्याची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली जाते, जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस असतं. १९७१ च्या युद्धात लढलेली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये इथेच तोडली गेली. रस्त्याच्या कडेने साखळ्या, नांगर, पितळी खिडक्या, दोरखंड यांची दुकानं आहेत. कापण्याचं काम चालू असेल तिथे थांबू नये. ठिणग्या दिसतात, वरून सुटणारा पत्रा दिसत नाही.

कॉटन ग्रीनवरून शिवडीचा तुकडा भरभर कापावा, गोदामं आणि ट्रक यापलीकडे तिथे फारसं काही नाही. शिवडीचा किल्ला १६८० चा, छोटा, पण त्याच्या माथ्यावरून समोरचं सगळं दलदलीचं पात्र एका नजरेत मावतं, आणि त्याच्यावरून गेलेला २०२४ चा अटल सेतूही, २१.८ किलोमीटरचा.

जेटीवर यावं ते हळू. रोहित इथे १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने यायला लागले. बहुतेक छोटे रोहित, चोच गडद लालसर. त्यांत अधूनमधून मोठे, जास्त उंच, फिकट, चोचीच्या टोकाला काळे. छोटा रोहित पाण्याच्या पातळ थरातलं शेवाळ गाळून खातो. त्या शेवाळाला जोर मिळतो शहराच्या सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटमुळे, आणि पिसांचा रंगही त्या शेवाळातलाच. कोरड्या चिखलात त्याची चोच चालत नाही, म्हणून तो पाण्याची कड सोडत नाही. त्रयोदशीला साडेबाराला पाणी उतरत असतं, थवा आपल्यापासून हळूहळू दूर जातो. चतुर्थीला चढत असतं, थवा जवळ येतो. निवड करायची असेल तर चतुर्थीची. जेटीच्या कडेला स्थिर उभं राहायचं, बोट दाखवायला हात वर करायचा नाही, पांढरा किंवा लाल शर्ट नको. अर्ध्या तासात ते इतके जवळ येतात की हजारो चोची पाणी गाळत असल्याची कुजबुज ऐकू येते.

खाली चिखलात निवट्या, चिखलावर सरपटणारे छोटे मासे, बिळांच्या तोंडाशी बसलेल्या असतात. पाणी एका वितीवर आलं की एकेक करून आत जातात. शेवटची निवटी दिसेनाशी झाली की जेटीवरून निघायला साधारण पाऊण तास असतो, मग चिखल पुरता बुडतो आणि थवा उठतो. शिवडी स्टेशन तिथून पश्चिमेला, चालत पंचवीस मिनिटं.